माझ्या अन्ननलिकेत बिऱ्हाड थाटलेल्या इओसिनोफिलला

इओसिनोफिल,

पत्राच्या वर 'सप्रेम नमस्कार' लिहायची आमच्याकडे रीत आहे. ती रीत तुझ्यासाठी मोडतोय. बारा वर्षं तू माझ्या अन्ननलिकेत ठाण मांडून होतास आणि मला तुझं नावही माहीत नव्हतं. नाव कळल्याला आता तीन वर्षं झाली. मनात साठलेलं सगळं तुला सांगायचंय, आणि चारचौघांसमोर सांगायचंय. कारण आज रात्रीही कुणाच्या तरी घरात कुणीतरी छातीवर मूठ दाबून, डोळ्यांत पाणी आणून, अडकलेला घास खाली उतरण्याची वाट पाहत असेल आणि शेजारचा त्याला म्हणत असेल, "जरा सावकाश खा की!" हे पत्र त्याच्या हाती पडलं पाहिजे.

तुझी कुळकथा मी वाचली आहे. १८७९ साली पॉल एर्लिख या जर्मन संशोधकाने रक्ताच्या पेशी रंगवून पाहिल्या, तेव्हा तुझ्या पोटातले दाणे इओसिन नावाचा लालसर रंग अधाशासारखा शोषून घेताना त्याला दिसले. त्या रंगाला नाव मिळालं होतं ग्रीकांच्या उषादेवीवरून, इओसवरून. इतकं सुंदर नाव तुझ्या वाट्याला आलं. तुझं कामही कमी मोलाचं नव्हतं. अंगात जंत शिरले की त्यांच्यावर तुटून पडायचं, दाण्यांमधलं जहाल प्रथिन त्यांच्यावर ओतायचं. आमच्या भागात रक्ताच्या रिपोर्टवर तुझा आकडा जरा वाढलेला दिसला की डॉक्टर हमखास जंताचं औषध लिहून देतात. मलाही दोनदा दिलं. जंत नव्हतेच. पोटात आणि आतड्यात तू थोडाफार असतोस, ते तुझं घर आहे. पण निरोगी माणसाच्या अन्ननलिकेत तू एकही नसतोस. पंचवीस सेंटिमीटरची ती नळी, घास घशातून जठरापर्यंत नेणारी. तिथे तुझं काय काम होतं?

दूध, गहू, अंडं, हवेतले परागकण, यांतल्या कशाला तरी माझं शरीर शत्रू समजलं आणि तुला हाक गेली, हे मला आता माहीत आहे. लहानपणी मला दमा होता, धूळ उडाली की शिंकांवर शिंका. ॲलर्जीचा पिंड ज्यांचा, त्यांच्याकडेच तू जास्त वळतोस, आणि बायकांपेक्षा पुरुषांकडे सुमारे तिप्पट. हाक गेली म्हणून तू आलास, तिथवर तुला दोष देत नाही. जंत नाही, शत्रू नाही हे दिसूनही तू परत गेला नाहीस, दाणे फोडत राहिलास, अस्तर सोलत राहिलास, याचा जाब मी विचारतोय.

तुझी सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे तू दुखवत नाहीस. छातीत कळ आली असती तर मी सत्ताविसाव्या वर्षीच दवाखाना गाठला असता. तू फक्त वेग कमी केलास. मी भाकरी आमटीत कुस्करून खायला लागलो. ताटाशेजारी एकाऐवजी दोन पेले पाणी. मटणाच्या वाटीतला रस्सा मला, फोडी बायकोला. तापाची गोळी अर्धी करून, मग पाव करून. पंगतीत सगळ्यात शेवटी उठणारा मीच. आणि माझे वडील काय म्हणायचे, ठाऊक आहे? "याच्याकडून शिका. एक घास बत्तीस वेळा चावतो." घरातल्या पोरांना माझा दाखला दिला जायचा. पाणी जास्त पिणं, अन्न मऊ करून घेणं, जेवण लांबवणं, कडक-चिवट टाळणं, चावत राहणं, गोळ्यांना घाबरणं, या सवयींची यादी आज या आजाराचे डॉक्टर रुग्णासमोर ठेवून एकेक विचारतात. माझ्या घरी तिला चांगलं वळण म्हणत होते.

मग गावची जत्रा. चैत्रातली दुपार, अंगणात मोठ्या पातेल्यात मटण, चुलतभाऊ आग्रह करकरून वाढत होते. त्या दिवशी रस्सा पुरे म्हणायची मला लाज वाटली. दुसऱ्याच फोडीला घास छातीच्या मधोमध थांबला. पाणी प्यायलो, ते खाली गेलंच नाही, तोंडातून परत आलं. काकूंनी कोरड्या भाताचा मुटका गिळायला दिला. माशाचा काटा अडकला की आमच्याकडे तेच करतात. तोही वर जाऊन बसला. कुणी पाठीत धपाटे घातले, कुणी केळं सोलून आणलं. त्यातलं काहीही करू नये, हे मला पुढे कळलं. पाऊण तासाने स्वतःची लाळसुद्धा गिळता येईना. तालुक्याच्या रस्त्याने गाडीत मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलो होतो आणि दर अर्ध्या मिनिटाला त्यात थुंकत होतो. शेजारी माझा सहा वर्षांचा मुलगा. तो डबा दोन्ही हातांनी धरून होता. एकदाही त्याने तोंड फिरवलं नाही.

रात्री दोन वाजता दुर्बीण घालून तुकडा काढला. पाटाच्या कोपऱ्यातल्या खुंटीएवढा असेल. "नीट चावून खात जा," एवढं सांगून मला घरी पाठवलं. नळीच्या अस्तराचे कण तपासायला घेतले असते तर तू तेव्हाच पकडला गेला असतास. मोठ्या माणसाच्या अन्ननलिकेत घास अडकून पडतो, त्यामागे तू असण्याची शक्यता फार मोठी असते. कुणी कण घेतले नाहीत. पित्ताची गोळी लिहून दिली, ती मी मन मानेल तशी खात राहिलो. ही माझी तुझ्यावरच्या तक्रारीहूनही मोठी तक्रार आहे आणि ती तुझ्या पत्रातच नोंदवतो, कारण त्या औषधाच्या चिठ्ठीवर जी चार वर्षं वाया गेली ती तुझ्या पथ्यावर पडली.

चार वर्षांनी पुन्हा अडकला घास, या वेळी साध्या पोळी-भाजीचा. दुर्बीण हाती असलेली डॉक्टर तरुण होती. तिने पडद्यावर मला दाखवलं: वॉशिंग मशीनच्या पाइपला असतात तशी वळी, नळीभर. उभे चर. मधूनमधून पांढरे ठिपके, खडूची भुकटी सांडल्यासारखे. तिने वरच्या भागातून तीन आणि खालच्या भागातून तीन असे सहा कण घेतले, कारण तू सगळीकडे सारखा पसरत नाहीस. एका ठिकाणी गर्दी, दुसरीकडे शुकशुकाट. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस आमच्या घरात 'कॅन्सर' हा शब्द कुणी उच्चारला नाही आणि दुसरं काही कुणाच्या मनात नव्हतं. बायको रात्री उठून माझा श्वास चालू आहे का ते पाहायची.

रिपोर्ट आला. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात पंधरा इओसिनोफिल दिसले की निदान होतं. माझ्यात बासष्ट होते. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. आजाराचं नाव उच्चारताना माझी जीभ अडखळली, आणि तरीही त्या दिवशी मला मोकळं मोकळं वाटलं.

तुझा इतिहास तसा जुना नाही. १९९३ मध्ये स्टीफन ॲटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा प्रौढ रुग्णांची हकिगत मांडली. त्यांना गिळताना त्रास होत होता, अन्ननलिकेत तू खच्चून भरलेला होतास, आणि आम्लाची मोजणी जवळजवळ सगळ्यांची नीट होती. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ॲलेक्स श्ट्राउमान यांनी असेच दहा रुग्ण नोंदवले. त्याआधी तुला कुणी स्वतंत्र गुन्हेगार मानत नव्हतं, तुझी पापं जठरातल्या आम्लाच्या खात्यावर पडत होती. माझ्या बाबतीत तर २०१० नंतरही ती तिथेच पडत राहिली.

स्वित्झर्लंडच्या त्याच मंडळींनी तुझ्याविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा गोळा केला. २०१३ साली त्यांनी दोनशे रुग्णांच्या नोंदी लावून पाहिल्या: पहिला त्रास कधी, निदान कधी, आणि निदानाच्या वेळी नळी किती आवळलेली. ज्यांचं निदान दोन वर्षांच्या आत झालं, त्यांच्यापैकी १७.२ टक्क्यांची नळी अरुंद झालेली होती. ज्यांना वीस वर्षांहून अधिक उशीर झाला, त्यांच्यात ७०.८ टक्क्यांची. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. सुरुवातीला तू सूज आणतोस, सूज उतरते. पण वर्षानुवर्षं सूज राहिली की खाली व्रणाचं तंतुमय जाळं विणलं जातं, आणि ते आवळत जातं. मऊ, ताणली जाणारी नळी रबरी पाइपासारखी ताठ होते. आतला व्यास तेरा मिलिमीटरच्या खाली गेला की घट्ट घास अडकणारच. माझा दहा होता.

आता उपचारांचं ऐक.

पहिली पाळी पित्ताच्या गोळीचीच, पण या वेळी मोजून-मापून: दिवसातून दोनदा, आठ आठवडे, एकही चुकवायची नाही. ही औषधं आम्ल कमी करतातच. शिवाय तुला तिथे बोलावणारा रासायनिक निरोपही दाबतात. म्हणूनच सुमारे निम्म्या रुग्णांत ती तुला हुसकावतात. मी त्या निम्म्यांत नव्हतो. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण: अठ्ठेचाळीस.

मग दूध बंद करून पाहावं का, हा विचार झाला. प्रौढांमध्ये सहा अन्नं (दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा, मासे) एकदम सोडण्याची आणि एकटं दूध सोडण्याची तुलना अमेरिकेतल्या १२९ रुग्णांवर झाली आहे, ती २०२३ मध्ये छापून आली. सहा सोडणाऱ्यांत ४० टक्क्यांची सूज उतरली, एकटं दूध सोडणाऱ्यांत ३४ टक्क्यांची. म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ज्यांच्या घरात पोळी आणि दही दोन्ही आहे, त्यांना हे कळणं फार मोलाचं आहे. माझ्यापुरतं सांगतो: मी सहा आठवडे चहा कोरा प्यायलो, ताक-दही-तूप सोडलं, आईने सणाला माझ्यासाठी वेगळी आमटी केली. आकडा जरासा हलला, पुरेसा नाही.

तिसरा उपाय बुडेसोनाइड. दम्यासाठी हुंगतात तेच औषध, पण इथे ते गिळायचं असतं, म्हणजे ते नळीच्या भिंतीवर लेपासारखं बसतं. युरोपात २०१८ पासून यासाठी जिभेवर विरघळणारी खास गोळी आहे. तिच्या चाचणीत ८८ प्रौढ होते. सहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ५७.६ टक्के सूज आणि त्रास दोन्हींतून सुटले, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी एकही नाही. माझ्या डॉक्टरांनी मला नेब्युलायझरच्या कुप्यांतलं औषध ठरलेल्या मापाने मधात कालवून रात्री झोपताना चाटायला सांगितलं. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर लेप धुऊन जातो. हे पत्र मी त्या अर्ध्या अर्ध्या तासांत लिहितोय.

दोन महिन्यांनी तुझा आकडा होता तीन.

मला वाटलं, जिंकलो. घरी फोन केला, आई रडली. त्या रात्री ज्वारीची भाकरी मोडून, आमटीत न भिजवता तोंडात घातली, आणि ती अडकली. मी ताटावरून उठून मोरीपाशी उभा राहिलो आणि तुझ्यावर मनापासून संतापलो. बासष्टचे तीन झाले तरी घास तिथेच! तू निघून गेला होतास आणि तू बांधलेल्या भिंती उभ्याच होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, औषध सूज उतरवतं, व्रण कापत नाही. त्यासाठी नळी रुंदच करावी लागते. फुगा घालून, हळूहळू, एका बैठकीत तीनेक मिलिमीटरहून जास्त नाही. एके काळी डॉक्टर या उपायाला घाबरत. तुझ्यामुळे अस्तर ओल्या कागदासारखं फाटतं, नळीला भोक पडेल अशी धास्ती होती. पुढे हजारो वेळांचा हिशेब जमला तेव्हा भोक पडण्याचं प्रमाण शंभरात एकाच्याही बरंच खाली निघालं. अस्तराला चीर पडते, ती पडावी लागते. छाती दोन दिवस ठणकते. माझ्या तीन बैठका झाल्या: दहाचे बारा, बाराचे चौदा, चौदाचे सोळा. फुग्याने तुझ्या संख्येवर काडीचा परिणाम होत नाही, हेही तपासलं गेलंय. नुसतं रुंदीकरण करून सोडलं तर तू परत यायला मोकळा. म्हणून फुगाही हवा आणि मधातलं औषधही हवं.

आणि औषध थांबवता येत नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकलो. वर्षभर सगळं सुरळीत चाललं, मग मी ठरवलं, आता पुरे. पाच महिन्यांत ताटाशेजारी दुसरा पेला परत आला. माझ्यासारख्यांचं काय होतं हे मोजलेलंही आहे: बरे झालेल्या दोनशे चार प्रौढांना ४८ आठवडे पुढे पाहिलं, तेव्हा बुडेसोनाइडची गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के बरे राहिले, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. त्या पाच महिन्यांबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण 'बरं वाटतंय, कशाला औषध' असं मला म्हणणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला हे दोन आकडे मी तोंडावर ऐकवतो.

अलीकडे तुझ्याविषयी एक बातमी वाचली आणि दोन दिवस अस्वस्थ होतो. बेनरॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शन खास तुला मारण्यासाठी आहे. २०२४ मध्ये त्याच्या चाचणीचे निकाल छापून आले. २११ रुग्ण. चोवीस आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ८७.४ टक्क्यांच्या अन्ननलिकेतून तू जवळपास नाहीसा झालास; खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.५ टक्के. आणि गिळण्याचा त्रास? दोन्हीकडे सारखाच. उलट, ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन तुझ्या एकट्यावर नेम धरत नाही, तुझ्यामागे बसून हाका देणाऱ्या दोन निरोपांची वाट अडवतं. त्याने सुमारे साठ टक्के रुग्णांत तुझा आकडा सहावर किंवा त्याखाली आणला आणि गिळणंही सोपं झालं. अमेरिकेत मे २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते दर आठवड्याला टोचायचं असतं, आणि त्याची किंमत माझ्यासारख्या पगारदाराच्या आवाक्यातली नाही.

म्हणजे तू एकटा नव्हतास. तुझ्याबरोबर दुसऱ्या पेशी होत्या, त्यांचे निरोपे होते, सैल पडलेलं अस्तर होतं. तीन वर्षं मी एकट्या तुलाच गुन्हेगार मानून आकडा मोजत बसलो. आता डॉक्टरांना मी दोन गोष्टी विचारतो: आकडा किती, आणि नळी किती मिलिमीटर. तिसरी गोष्ट मला कुणाला विचारावी लागत नाही, ती मला ताटावर कळते. तुझ्यावरचा आरोप मात्र मी मागे घेत नाही. बोलावलं दुसऱ्यांनी असेल. पंधराचे बासष्ट होऊन तिथे बसलास तूच.

तुझ्या बाजूने बोलण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती मी लपवणार नाही. तुझ्यामुळे आयुष्य कमी होत नाही. श्ट्राउमान यांनी तीस प्रौढांना सरासरी सात वर्षांहून अधिक काळ पाहिलं, त्यांच्यात कॅन्सर झाला नाही. हे वाचलं त्या रात्री बायको पहिल्यांदा सलग झोपली.

माझ्या भाच्याला गेल्या दिवाळीत जेवताना पाहिलं. वीस वर्षांचा आहे, त्यालाही लहानपणी दमा होता. पोळीचा एक घास, पाण्याचा एक घोट. पोळीचा घास, पाण्याचा घोट. ताईला म्हटलं, "हा नेहमी असाच जेवतो का गं?" ती कौतुकाने म्हणाली, "हो रे, तुझ्यासारखाच सावकाश." मी हातातलं ताट खाली ठेवलं. पुढच्याच आठवड्यात त्याला घेऊन गेलो आणि सहा कण घ्यायला लावले. त्याच्यात तू एकतीस होतास, आणि त्याची नळी अजून रुंद आहे, मऊ आहे. त्याला पित्ताची गोळी लागू पडली. त्याच्याकडे तुला फार तर दोन वर्षं मिळाली.

यंदा चैत्रात जत्रेला जातोय. चुलतभावाचा कालच फोन आला, मटणाच्या फोडी बारीक करायला सांगू का म्हणून. मी हो म्हटलं. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. तो पंगतीत माझ्या शेजारीच बसतो आणि माझा घास उतरेपर्यंत स्वतःचा उचलत नाही. तसं त्याला कुणी सांगितलेलं नाही. या वेळी मी त्याला सांगणार आहे, तू जेव बाबा, माझ्याकडे बघू नकोस.

अर्धा तास झाला. पाणी पितो.